अर्धी वाटी

कौसाबाईला राग यायला तशी कारणं लागत नसत, पण त्या दिवशी कारण गाडीतून उतरलं आणि तेही सुनेच्या कडेवर बसून. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. तिच्या मुलाची, कुंदनची पांढरी गाडी पुण्याहून कळसाडीला आली, दारात थांबली आणि दीपमाला खाली उतरली. तिच्या खांद्याशी दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. लग्नाला सहा वर्षं झालेली, पुण्यातली माणसं काही गोष्टी आधी कळवत नाहीत हे गल्लीला ठाऊक, तेव्हा बायका आपापल्या ओट्यांवरून उठून पुढे आल्या. शेजारची छबूबाई तर दृष्ट काढायला मूठभर मीठ-मिरच्या घेऊन धावत आली. दीपमालाने दुपटं बाजूला केलं आणि आतून एक गुलाबी, ओलं नाकाड बाहेर आलं.

डुक्कर होतं. निळा स्वेटर घातलेलं, मांजराएवढं डुक्कर. छबूबाई मीठ-मिरच्या मुठीत तशाच धरून घरी गेली, आणि दिवे लागायच्या आत ही बातमी दीपमालाच्या माहेरी ब्राह्मणपुरीला जाऊन पोचली.

"माय, हाऊ मिनी पिग शे," कुंदन म्हणाला. "लोक घरमा पाळतस. कुत्रानागत."

"मंग कुत्रंच आनतू," कौसाबाई म्हणाली.

चारशे किलोमीटरवरून येताना आईसाठी एक साधं लुगडं आणायचं सुचलं नाही या पोराला, डुक्कर आणायचं बरोबर सुचलं. पुण्याच्या सोसायटीने नोटीस लावली होती म्हणे. लिफ्टमधून डुक्कर नेता येणार नाही, नेलं तर दंड. कुंदन नवं घर शोधत होता, अंगणवालं. ते मिळेपर्यंत, म्हणजे फार तर दोन-तीन महिने, कोको इथे राहील. कोको हे डुकराचं नाव. कौसाबाईने ते ऐकून घेतलं, पण तोंडाने उच्चारायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं.

जाताना दीपमालाने फ्रिजवर एक छापील कागद चिकटवला आणि ओट्यावर एक गुलाबी प्लास्टिकची वाटी ठेवली. वाटीच्या निम्म्यावर काळी रेघ होती. कागदावर लिहिलं होतं: सकाळी अर्धी वाटी. संध्याकाळी अर्धी वाटी. मध्ये काहीही नाही. आणि सगळ्यांत खाली, लाल अक्षरांत: रडला तरी नाही.

"आई, एवढंच पाळा," दीपमाला म्हणाली. ती कौसाबाईशी शुद्ध मराठीत बोलायची. ब्राह्मणपुरीच्या शेणा-मातीत वाढलेली पोर, पण पुण्यात गेल्यापासून तिची जीभ इस्त्री केल्यासारखी झाली होती. "पोर्शन चुकला की तब्येत बिघडते त्याची. ज्यांच्याकडून आणला त्यांनी मुद्दाम सांगितलंय."

कौसाबाईने त्याला घरात घेतलं नाही. मागच्या गोठ्यात, गाईच्या शेजारी, जुन्या पत्र्यांचा आडोसा करून तिथे ठेवलं, आणि कागद पाळला. मनात कितीही राग असला तरी दुसऱ्याने सोपवलेली वस्तू सांगितल्याप्रमाणे सांभाळायची, ही तिची रीत होती. सकाळी अर्धी वाटी, संध्याकाळी अर्धी वाटी. वाटीतले ते भुशाच्या गोळ्यांसारखे दाणे डुक्कर तीन श्वासांत संपवायचं आणि मग ओरडायला लागायचं. असं ओरडायचं की गाय दावं ताणून मागे सरायची. ती चुलीवर भाकरी टाकायची तो वास गेला की ओरडा वाढायचा. त्याने आडोशाची माती उकरून खाल्ली. भिंतीचा चुना चाटून काढला. गाईच्या गव्हाणीखाली पडलेला कडबा, जो गाईनेही टाकलेला, तो त्याने चावून पाहिला.

"घानेरडं जनावर," कौसाबाई म्हणायची. "काय बी खास."

नवव्या दिवशी भिला आत आला. भिला तिचा सालदार. तिचा नवरा सुपडू पाटील जाऊन सात वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ऊस-कापसाचं सगळं भिलाच बघत होता. त्याच्या पाड्यावर घरटी दोन-चार डुकरं असायची. तो आडोशापाशी उकिडवा बसला, डुकराचा स्वेटर वर केला, बरगड्यांवरून बोटं फिरवली. मग जबडा उघडून दात पाहिले. मग पाय उचलून खूर पाहिले. फरशीवर राहून खूर वाढून वाकडे झाले होते.

"काकी, कितला महिनानं शे हाई?"

"तीन महिनानं, कुंदन म्हने."

"तीन नई. दात पाहा. साताठ महिनानं व्हई." भिलाने स्वेटर परत खाली ओढला. "येले उपाशी ठेयेल शे. पोटले नई भेटनं म्हनीसन वाढनं नई. काई मिनी-बिनी नई, काकी. भुक्याल शे, बस."

कौसाबाई तिथेच गव्हाणीच्या कडेवर टेकली. तिला आधी कळेना, मग कळलं, आणि कळल्यावर कानशिलं तापली. नऊ दिवस ती स्वतःच्या हाताने, काळ्या रेघेपर्यंत मोजून, एका मुक्या जीवाला उपाशी ठेवत होती. या घरात. सुपडू पाटलाच्या घरात, जो गव्हाणीत चारा पडल्याशिवाय कधी ताटावर बसला नाही. लग्नाच्या दिवशी पंगत वाढलेली असताना तो उठून गोठ्यात गेला होता आणि तिच्या माहेरची माणसं तोंडात बोटं घालून पाहत राहिली होती. दुष्काळाच्या वर्षी घरात एक वेळ पिठलं शिजलं, पण बैलांची गव्हाण रिकामी राहिली नाही. आणि त्याच्याच पोराने उपाशी ठेवायची वाटी पुण्याहून रेघ मारून आणली होती.

तिने तिथूनच फोन लावला.

"कुंदन, तुम्ही येले उपाशी ठेवी ऱ्हायनात का?"

फोन दीपमालाने घेतला. "उपाशी नाही आई. तेवढंच लागतं त्याला. जास्त दिलं तर मोठा होईल ना."

"जनावर मोठं व्हनार नई तं काय व्हई?"

"मिनी आहे तो, आई. त्याला मिनीच ठेवायचं असतं."

कौसाबाईने फोन ठेवला. शिव्या तिच्या तोंडाशी आल्या होत्या, पण सुनेला फोनवर शिव्या दिलेल्या छबूबाईला भिंतीपलीकडून ऐकू गेल्या असत्या. ती उठली, दुपारसाठी झाकून ठेवलेल्या दोन भाकरी घेतल्या, ताकात कुस्करल्या आणि पाटीत ओतून आडोशात सरकवल्या. डुक्कर ओरडायचं थांबलं. पाटी चाटून संपली तेव्हा ते तिच्या पायांशी आलं आणि लुगड्याच्या काठाला नाक लावून उभं राहिलं. कौसाबाईने पाय मागे घेतला नाही. पण भिलाकडे पाहून ती म्हणाली, "हसू नको. राग उतरेल नई मन्हा."

त्या दिवसापासून कागद फ्रिजवरच राहिला आणि डुक्कर पोटभर खाऊ लागलं. कागद काढता येत नव्हता, कारण दर रविवारी दीपमालाचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तिला कागद, वाटी, कोको असं सगळं पाहायचं असायचं. कौसाबाई आधी कागद दाखवी, मग वाटी दाखवी, आणि मग फोन डुकराच्या इतका जवळ नेई की पडद्यावर नुसतं नाकच दिसे. "किती गोड," दीपमाला म्हणायची. नाक गोडच होतं. त्या नाकामागे काय वाढत चाललं होतं ते पुण्याला दिसत नव्हतं.

भाकरी, कोंडा, उसाची वाढं, शेंगदाण्याची पेंड. शेजारच्या रानात पपई होती, आणि व्यापाऱ्याने डाग पडला म्हणून नाकारलेली पपई बांधावर ढिगाने पडायची. भिला रोज एक पाटी भरून आणायचा. मीठ मात्र द्यायचं नाही, लोणच्याची फोडही नाही, मिठाने डुक्कर मरतं, हे भिलानेच सांगितलं आणि कौसाबाईने ते कागदावरच्या कुठल्याही ओळीपेक्षा काटेकोर पाळलं. खूर भिलाने कानस लावून सरळ केले. स्वेटर महिन्याभरात उसवला, संक्रांतीला त्याचं पोतेरं झालं. होळीपर्यंत डुक्कर तिच्या गुडघ्याला लागलं.

त्या काळात कौसाबाईने एक गोष्ट पाहिली आणि ती तिला पटायला बराच वेळ लागला. डुक्कर आपल्या झोपायच्या जागी घाण करत नव्हतं. आडोशाच्या एका कोपऱ्यात, ठरलेल्या जागी, तिथेच. गाय जिथे उभी तिथे शेण टाकायची आणि त्यातच बसायची, आणि गाईला सगळे हात जोडायचे. कौसाबाईने हे छबूबाईला सांगितलं तेव्हा छबूबाई म्हणाली की वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय. गल्लीतले लोक आता तिच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावत. वास गल्लीतल्या उघड्या गटारीचा यायचा आणि रुमाल तिच्या दारापाशी निघायचा. ती ओट्यावर बसून हे सगळं पाही आणि आतल्या आत जळे.

चैत्र लागला आणि ऊन तापलं. डुकराला घाम येत नाही, हे तिला कुठे माहीत होतं? एका दुपारी ते तोंड उघडं टाकून धापा टाकताना दिसलं. पाठीची गुलाबी कातडी भाजून लाल झाली होती. भिलाने गोठ्यामागे डबरं खणलं आणि त्यात पाणी सोडलं. डुक्कर चिखलात लोळलं आणि पाठीवर चिखलाचा थर घेऊन सावलीत झोपलं. चिखल घाणीसाठी नसतो, उन्हासाठी असतो. इतकी साधी गोष्ट साठ वर्षं रानात काढून तिला कळली नव्हती, आणि पुण्याला तर डुकराला लावायला क्रीमची बाटली होती.

दोन-तीन महिन्यांचे आठ झाले. ज्येष्ठ संपता संपता डुक्कर युरियाच्या गोणीपेक्षा जड होतं. भिलाला ते उचलता येत नव्हतं. नवं घर काही मिळालं नव्हतं आणि रविवारचे फोन महिन्यातून एकदा येऊ लागले होते.

आषाढात हेमकांत आला. हेमकांत तिचा धाकटा दीर, भाऊबंदकीतला कर्ता माणूस. तो ओट्यावर बसला नाही, उभ्यानेच बोलला.

"वहिनी, कानबाई जवळ उनी."

कानबाई देवी या घरात बसायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई मांडायची, सोमवारी वाजतगाजत पाण्यावर न्यायची, हे सगळ्या खानदेशात. पण या भाऊबंदकीची कानबाई थोरल्या घरात, म्हणजे सुपडू पाटलाच्या घरात, आणि तिचा नारळ, नथ घातलेला, चार पिढ्यांचा, कौसाबाईच्या देव्हाऱ्यात. घरातल्या एकेका पुरुषामागे मोजलेल्या मुठी-मुठी गव्हाचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. एकेचाळीस वर्षं कौसाबाईने ते गहू स्वतः निवडले होते. वर्षातले हे दोन दिवस असे असायचे की गल्लीतली कुठलीही बाई तिच्यापुढे बसायला कचरायची. नवरा गेल्यावरही हा मान राहिला होता. खरं म्हणजे तेवढाच राहिला होता.

"लोक म्हनतस, ज्या घरमा डुकर, तठे रोट खावाले आम्ही येवाव नई," हेमकांत म्हणाला. "कानबाईना आधी तेले काढी टाक. मी कुंदनले बी सांगेल शे."

"कोठे काढू?"

"तो पाही ली. तेनं शे ना."

कौसाबाईला वाटलं, कुंदन येईल, बघेल, काहीतरी मार्ग काढेल. शेवटी प्राणी त्याचा. आठ महिने आपण सांभाळला, आता तो नव्या अंगणात नेईल. एवढी आशा तिने ठेवली, आणि पुढे कित्येक दिवस तिला त्या आशेचाच राग येत राहिला.

कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी दोघं आली. दीपमाला सरळ मागे गेली, "कोको" म्हणून हाक मारली, आणि डबऱ्यातून चिखलाने माखलेलं ते भलंमोठं धूड उठून तिच्याकडे दुडदुडत आलं. दीपमाला किंचाळून कुंदनच्या मागे लपली. डुक्कर थांबलं. त्याने नाक वर करून वास घेतला, शेपटी हलवली.

"हा नाही," दीपमाला म्हणाली. "हा आमचा कोको नाही, आई."

"तोच शे. तेले पोटभर खावाडं मी."

"कागद होता ना? वाटी होती ना?" दीपमालाचे डोळे भरून आले. डोळ्यांतलं पाणी खरं होतं, कौसाबाईने नीट पाहिलं. "तुम्ही त्याला बिघडवून टाकलं. किती लहान होता तो."

कौसाबाईला वाटलं, कुंदन आता काहीतरी बोलेल. तो बोलला. "जाऊ दे ना," तो बायकोला म्हणाला, "तसंही उद्या गाडी येणारच आहे." मग त्याने आईला समजावून सांगितलं, मोबाईलवर चित्र दाखवून. नवं घर पुढच्या महिन्यात मिळणार होतं, अंगणासकट. आणि ज्यांच्याकडून कोको घेतला होता ते बदलून देत होते. मोठा झाला तर ते परत नेतात आणि नवा छोटा देतात. नवा सांगून ठेवला होता. चित्रात एक गुलाबी पिल्लू चहाच्या कपात बसलेलं होतं.

"बदली देतस?" कौसाबाईने विचारलं.

"हां माय. फुकट."

"आनि येनं काय करतस ते?"

"ते पाही लेतस. त्यास्नं फार्म शे."

कौसाबाईने मोबाईल त्याच्या हातात परत दिला आणि स्वयंपाकघरात गेली. ताट तिने वाढलं नाही. संध्याकाळी जेवायची वेळ झाली, तेव्हा दोघांच्या पुढ्यात एकेक ताटली आली आणि ताटलीत खिचडीचा एक छोटासा गोळा होता. कुंदनने तो दोन घासांत संपवला आणि ताटली पुढे केली.

"कितली खिचडी शे, माय?"

"अर्धी वाटी," कौसाबाई म्हणाली.

तिने गुलाबी वाटी धुवून पालथी घातली. कुंदन हसला. त्याला वाटलं, आई चेष्टा करतेय. सकाळी पुन्हा अर्धी वाटी पोहे आले, काळ्या रेघेपर्यंत, तेव्हा तो हसला नाही. दुपारी काहीच आलं नाही. तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला तेव्हा कौसाबाईने पाठ न वळवता फ्रिजकडे बोट दाखवलं. मध्ये काहीही नाही. रडला तरी नाही. दीपमाला कागदाकडे बघत उभी राहिली आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन बसली. एरवी कुंदनने गल्लीतल्या दुकानातून काहीतरी आणून खाल्लं असतं, पण आई घरात असताना बिस्किटाचा पुडा घेऊन येणारा पोरगा कळसाडीत चार दिवस चघळायला विषय होतो, आणि तेवढी अक्कल अजून त्याच्यात शिल्लक होती.

तीनच्या सुमारास जाळीचा टेम्पो आला. पाठोपाठ हेमकांत आला, सोबत भाऊबंदांतले दोघे. डुक्कर गेलं की बायकांना घर सारवायला सांगायचं होतं, कानबाई उद्यावर आलेली. टेम्पोवाला खाली उतरला आणि विचारलं, "माल कुठंय?"

"तुमी जुने नेतस, तेस्नं काय करतस?" कौसाबाईने त्याला विचारलं.

टेम्पोवाला साधा माणूस होता. त्याला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. "मोठे झालेले बाजारात जातात मावशी. वजनावर. हे चांगलं भरलंय, खाऊन-पिऊन आहे."

दीपमालाने कुंदनकडे पाहिलं. कुंदनने जमिनीकडे पाहिलं. नऊ महिन्यांत, कागद छापून घेण्यात, वाटीवर रेघ मारण्यात, कपातलं पिल्लू निवडण्यात, हा एक प्रश्न दोघांपैकी कुणालाच विचारावासा वाटला नव्हता.

"चल, चढाडी टाक मंग," हेमकांत म्हणाला. "येळ व्हई ऱ्हायना."

तेव्हा कौसाबाई गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. उंचीने ती हेमकांतच्या खांद्याला लागत नव्हती. आवाज तिने चढवला नाही.

"कुंदन, तू जलमना तव्हय हातवर मावे इतला व्हता. मन्ही सासू म्हने, हाई पोऱ्या जगाव नई. मी तुले खावाडं. मन्हा तोंडना घास काढीसन खावाडं. तू वाढना. आते तुन्हं पोट गाडीना चाकले लागस. मंग मी तुले बदलाले कोठे जाऊ? सांग ना. कोन देस बदली?"

भाऊबंदांतला एक जण हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"वहिनी, कानबाईना सवाल शे," हेमकांत म्हणाला. "घरमा डुकर राही तं आम्ही रोट खावाव नई. मी सांगी ठेवस."

"मंग तुमना घर बसाडा कानबाई."

हे बोलताना तिला काय बोलतोय ते पुरतं माहीत होतं. हेमकांतलाही वाटलं नव्हतं की ती हे बोलेल. तो म्हणाला, "इचार कर वहिनी. एकदाव गई तं ती माघारी येवाव नई."

"करेल शे इचार. तुमना भाऊ गव्हान रिकामी ठेईसन कव्हय ताटवर बठना नई. मी एक जीव खाटीकना हातमा दीसन रोट खाऊ का? कोनाले गोड लागी तो?"

टेम्पो रिकामा परत गेला. त्याचं भाडं कुंदनने मुकाट्याने दिलं. दिवस मावळायच्या आत हेमकांतची बायको आणि दोन जावा नारळ न्यायला आल्या. कौसाबाईने देव्हाऱ्यातून कानबाई काढली, नथ पुसली, हळदकुंकू लावलं, आणि निवडून ठेवलेल्या गव्हांसकट ती जावेच्या ओटीत दिली. जाऊ म्हणाली, "जाऊबाई, राग धरू नका." कौसाबाई म्हणाली की राग तर धरणारच. त्या गेल्यावर ती देव्हाऱ्यापुढे बसली. रिकाम्या पाटावर तांदळाचे चार दाणे चिकटून राहिले होते, ते तिने एकेक करून उचलले. रडली, आणि कुणी पाहील म्हणून दारही लोटून घेतलं नाही.

रविवारी गाणी हेमकांतच्या घरातून ऐकू आली. कुंदनला रोट खायला बोलावणं आलं, पुरुषांच्या मुठीत त्याची मूठ धरलेली होती. तो गेला नाही. त्या दुपारी तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, वांग्याचं भरीत केलं आणि दोघांना पोट फुटेस्तोवर वाढलं. स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि घास उचलायच्या आधी ती उठायला लागली, तशी दीपमाला म्हणाली, "बसा आई, मी देते त्याला."

दीपमालाने कोंडा, पपई पाटीत भरली. निम्मी भरली आणि सवयीने थांबली. कौसाबाई तिच्याकडे बघत होती. मग दीपमालाने पाटी काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांनी उचलून मागे नेली. ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या साडीवर चिखलभरल्या नाकाचे ठसे होते. कौसाबाई जेवली, पण सुनेशी गोड बोलली नाही. एक पाटी भरली म्हणून नऊ महिन्यांचा राग जात नसतो.

सोमवारी कानबाई वाजतगाजत गेली, ती या दारावरून गेली नाही. दोघं निघाली तेव्हा गाडीत भुईमुगाच्या शेंगा, कांदे, पपया भरून झाल्या, आणि सगळ्यात शेवटी कौसाबाईने ती गुलाबी वाटी आणि घडी घातलेला कागद दीपमालाच्या मांडीवर ठेवला.

"हाई ली जा. आठे हिनं काम नई."

"माय, दुसरा नको म्हनी सांगं आम्ही," कुंदन स्टिअरिंगवरून म्हणाला. ते त्याने सकाळपासून मनात धरून ठेवलं होतं आणि आईचा चेहरा आता तरी सैल होईल असं त्याला वाटत होतं. "रातलेच कळाडं. बुकिंग रद्द करी दिधं."

"मंग ते कपमाधलं पिल्लू कोना घर जाई?"

कुंदनने गाडी सुरू केली होती, ती तशीच धडधडत राहिली. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने वाटीकडे पाहिलं. कुणातरी दुसऱ्याच्या घरी जाईल, दुसऱ्या कागदाबरोबर. हे दोघांनाही कळलं.

कौसाबाईने खिडकीवरचा हात काढून घेतला आणि ती आत गेली. जेवणाची वेळ झाली होती, गोठ्यामागे ओरडा सुरू झाला होता.